आधी भाकर, मग वचन

घरात माणूस गेला की त्या दिवशी तिथली चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भावकीतले लोक पिठलं-भाकरी घेऊन येतात, पानं मांडतात, बळेच दोन घास खायला लावतात, आणि त्यात आपण काही विशेष केलं असं कुणाला वाटत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांनीही ही रीत सोडलेली नाही. दुःखात बुडालेल्यांनी स्वतःच्या जेवणाची सोय स्वतः बघावी अशी अपेक्षा ठेवणं क्रूर आहे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण जिवंत माणूस आतून संपत जातो तेव्हा काय होतं? अंथरुणाला खिळलेल्या सासूचं वर्षानुवर्षं करणारी सून, पाच-सहा गावांच्या मंडळ्या एकट्याने सांभाळणारा पाळक, आठवडाभर विरार लोकलमध्ये चेंगरून रविवारी पुन्हा गायनमंडळात उभा राहणारा तरुण, यांच्यासाठी अशी कोणतीही रीत नाही. त्यांना आपण वचन देतो. बायबलमधली एखादी ओळ मोबाइलवर पाठवतो, ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणतो, आणि आपल्या वाट्याचं काम झालं असं समजतो. थकलेल्याला धीर देण्याचा एक क्रम ख्रिस्ती परंपरेत आहे. तो आपण उलटा करून टाकला आहे. तो सुलटा करण्याची जबाबदारी थकलेल्या माणसाची नाही, त्याच्या भोवतीच्या मंडळीची आहे, असं माझं म्हणणं आहे.

हा क्रम सगळ्यात स्वच्छ दिसतो तो एलीया संदेष्ट्याच्या कथेत. जुन्या करारातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तो कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहतो आणि जिंकतो. एकोणिसाव्या अध्यायात तोच माणूस राणी ईजबेलच्या एका निरोपाने मोडून पडतो. जीव घेऊन पळतो, बैर-शेब्याला पोहोचल्यावर बरोबरच्या चाकराला तिथेच ठेवतो, दिवसभर रानात चालत जातो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. चाकराला मागे ठेवल्याचा तपशील कथाकाराने उगाच दिलेला नसावा. पार थकलेला माणूस आधी सोबत सोडतो. फोन उचलत नाही, सभेला येत नाही, कुणी विचारलंच तर ‘बरं चाललंय’ म्हणतो. अशा एलीयाजवळ देवाचा दूत येतो तेव्हा त्याच्यापाशी उपदेश नसतो. तो एलीयाला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. दूत त्यालाही हरकत घेत नाही. काही वेळाने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला सांगतो, आणि कारण देतो ते एवढंच, की पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची आहे. त्याचा विश्वास कमी पडला, असं त्या प्रसंगात कुणीही म्हणत नाही.

बोलणं होतं ते चाळीस दिवसांनी, होरेब पर्वतावर. तिथेही सुरुवात प्रश्नाने होते: तू इथे काय करतोस? एलीया आपली तक्रार मांडतो, की सगळे गेले, मी एकटा उरलो. मग सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी होऊन जातात, त्यामागून मंद वाणी येते, तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि एलीया तीच तक्रार त्याच शब्दांत पुन्हा सांगतो. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडूनही त्याच्या बोलण्यात फरक पडलेला नाही. तरी त्याला कुणी मध्येच तोडत नाही. खचलेल्या माणसाजवळ बसून तीच गोष्ट तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकलेल्यांना या पुनरावृत्तीचं मोल कळेल. त्यानंतर त्याला काम दिलं जातं, पण त्या कामातच अलीशाला आपल्या जागी नेमण्याची आज्ञा आहे, म्हणजे ओझं वाटून घेणारा माणूस त्याला मिळतो. आणि अगदी शेवटी त्याच्या समजुतीतली चूक दुरुस्त होते: बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात अजून आहेत. स्पर्श, भाकर, झोप, ऐकून घेणं, जोडीदार, आणि मग ते वाक्य. ‘तू एकटा नाहीस’ हे जे वाक्य आपण पहिल्या भेटीत, दारात उभ्या उभ्या सांगून टाकतो, ते या कथेत सगळ्यात शेवटी येतं.

या क्रमामागे माणसाच्या स्वभावाची नेमकी जाण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना तीन खुणा सांगितल्या: शक्ती आटून गेल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटनेने ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती ठेवली आहे आणि त्याला आजार म्हटलेलं नाही. पण घरच्या शुश्रूषेत किंवा मंडळीच्या सेवेत शिणलेल्या माणसालाही या तिन्ही खुणा ओळखीच्या वाटतील. त्यातली दुसरी आणि तिसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्याचं मन तुटलं आहे तो लोकांकडे जात नाही, आणि आपण काही कामाचे नाही असं ज्याला वाटतं तो मदत मागण्याला स्वतःला पात्र समजत नाही. थकवा ताकद नेतो आणि जाताना हाक मारण्याची इच्छाही घेऊन जातो. म्हणून ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य, कितीही मनापासून म्हटलेलं असलं, तरी त्याच्यावर आणखी एक काम टाकतं. काय लागेल याचा विचार त्यानेच करायचा, कुणाला सांगायचं ते त्यानेच ठरवायचं, आणि संकोचही त्यानेच गिळायचा. ‘शनिवारी दुपारी मी आईंजवळ बसते, तू झोप’ असं म्हणणारी बाई त्या सुनेला जे देते ते दहा वचनांना देता येत नाही, कारण ती वचनं वाचण्याइतकी उसंत त्या सुनेला मिळते ती शनिवारच्या त्या दुपारीच.

ख्रिस्ती धर्माचे शब्दही याच दिशेने बोट दाखवतात. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये धीर देण्यासाठी जे क्रियापद वारंवार येतं त्याचा मूळ अर्थ ‘जवळ बोलावणं’ असा आहे. त्याच धातूतून आलेली संज्ञा योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी वापरली आहे, आणि मराठी बायबलमध्ये तिच्यासाठी ‘कैवारी’ हा शब्द आहे. हा शब्द निवडणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. कैवारी समजूत काढत बसत नाही, तो आपली बाजू घेऊन शेजारी उभा राहतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात योसेफ नावाचा सायप्रसचा एक माणूस भेटतो. प्रेषित त्याला बर्णबा म्हणू लागले, आणि त्या नावाचा अर्थच धीर देणारा असा आहे. त्याचं लांबलचक प्रवचन मात्र त्या पुस्तकात कुठे सापडत नाही. त्याने आपलं शेत विकून पैसे मंडळीपुढे आणून ठेवले. पुढे पौल म्हणून प्रसिद्ध झालेल्या शौलाला यरुशलेमात सगळे भीत होते, जवळ करत नव्हते, तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेलं. पहिल्या प्रवासात अर्ध्यातून माघारी फिरलेल्या योहान मार्कला पुन्हा बरोबर घ्यावं म्हणून तो त्याच पौलाशी इतका भांडला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जमीन, ओळख आणि दुसरी संधी, या गोष्टींनी त्याने ते नाव सार्थ केलं.

आता यावर पहिला आक्षेप श्रद्धाळूंचाच येईल. देव पुरेसा आहे, माणसांवर टेकणं हा विश्वासाचा कमकुवतपणा, असं अनेक सज्जन मनापासून मानतात आणि थकवा लपवत राहतात. पण ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो येशूच अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत पेत्राला आणि जब्दीच्या दोन मुलांना जागं राहायला सांगतो. आपला जीव अतिशय दुःखी आहे हे तो त्यांना उघडपणे सांगतो. ते झोपी जातात आणि त्याला ते लागतं. दुसऱ्या दिवशी त्याचा क्रूस वाहायला कुरेनेकर शिमोनाला वेठीला धरावं लागतं. देवपुत्राला सोबत मागावीशी वाटली आणि ओझ्याला दुसऱ्याचा खांदा लागला, तर त्याच्या अनुयायाने आपण याच्या पलीकडे आहोत असं मानणं ही श्रद्धा नव्हे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतःची अवस्था लपवलेली नाही. आशियात आपल्याला जगण्याचीही आशा उरली नव्हती, आणि मासेदोनियात आल्यावर बाहेर भांडणं, आत भीती अशी स्थिती होती, असं तो सांगतो. तिथे देवाने आपलं सांत्वन कसं केलं, तर तीताच्या येण्याने, असंही तो लिहितो. दृष्टान्त झाला नाही, स्वर्गातून वाणी आली नाही. एक ओळखीचा माणूस लांबचा प्रवास करून दारात आला, आणि पौलाने त्याला देवाचं काम म्हटलं.

जर्मनीत दीत्रिख बोनहोफर याने हाच विचार पुढे नेला. नाझी राजवटीला न जुमानणाऱ्या मंडळीसाठी तो फिंकेनवाल्दे इथे पाळक घडवत होता. १९३७ मध्ये गेस्टापोने ती शाळा बंद पाडली. तिथल्या एकत्र जीवनावर त्याने लिहिलेलं छोटं पुस्तक १९३९ मध्ये आलं. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या स्वतःच्या अंतःकरणातला ख्रिस्त डळमळतो, भावाच्या तोंडून आलेल्या शब्दातला ख्रिस्त अधिक पक्का असतो. म्हणून देवाने आपलं वचन माणसाच्या तोंडी ठेवलं. पाठीशी सुरक्षितता असलेल्या माणसाने हे लिहिलं असतं तर मी त्याला एवढं वजन दिलं नसतं. बोनहोफरला एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिली गेली. स्वतःच्या मनातून स्वतःसाठी धीर उपसता येतो का, याची परीक्षा त्याने आयुष्यभर दिली होती.

मग शब्दांना जागाच नाही का? आहे, आणि ती किती मोठी असू शकते याचा दाखला आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. मदर तेरेसांचं कोलकात्यातलं काम सुरू झाल्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या मनात एक काळोख उतरला. देव जवळ असल्याची जाणीव नाहीशी झाली, आणि १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत तो बहुतांशी टिकला. जगाला त्यांचं हसू दिसत होतं. या काळोखाविषयी त्यांनी लिहिलेली खाजगी पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा अनेकांना धक्का बसला. १९६१ च्या सुमारास त्यांनी हे सगळं योसेफ नॉयनर या ऑस्ट्रियन जेझुइट धर्मगुरूंपुढे उघड केलं. नॉयनर पुण्यात ईश्वरविज्ञान शिकवत होते, आणि शंभरी ओलांडल्यावर २००९ मध्ये पुण्यातच वारले. त्यांनी मदर तेरेसांना काळोख घालवण्याची युक्ती सांगितली नाही. यावर माणसाकडे उपाय नाही, तेव्हा हा तुमचा दोष मानू नका, असं त्यांनी सांगितलं. देव जवळ असल्याची भावना हाच त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नाही, त्याच्यासाठी जीव तुटणं हीही त्याच्या असण्याची खूण आहे, हेही सांगितलं. आणि हा काळोख तुमच्या कामाचीच आतली बाजू आहे, असं त्यांनी त्याला नाव दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला या काळोखाविषयी प्रेम वाटू लागलं, असं त्यांनी नंतर नॉयनरना कळवलं. काळोख तसाच राहिला, पण त्यात त्या एकट्या राहिल्या नाहीत. नॉयनर यांचे शब्द लागू पडले याचं कारण त्यांनी आधी ऐकलं होतं.

इथेच दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यात रास्त वाटतो. लोकांपाशी मन मोकळं करावं तर तेच लोक घाव घालतात. कुणी पाप शोधतं, कुणी ‘आमच्या वेळी तर’ म्हणून सुरू होतं, कुणी प्रार्थनेचा विषय म्हणून ऐकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरी पोहोचवतं. छोट्या मंडळीत, जिथे सगळेच एकमेकांचे सोयरे, तिथे हे भय खोटं नाही. बायबलही हे झाकत नाही. ईयोबाचे तीन मित्र त्याची अवस्था पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. मग ते बोलू लागले, त्याच्या दुःखाचं कारण त्याच्यातच शोधू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, या मित्रांवर निघतो. या आक्षेपावर माझं उत्तर असं, की वाईट सोबतीच्या भीतीने सोबतच टाकून देऊ नये, तिला शिस्त लावावी. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूने कधीही उघड करायचं नाही, हा नियम अढळ आहे. मंडळीच्या घरसभेत आणि महिला मंडळात तितकीच कडक नसली तरी तशी एक मर्यादा पाळायला काय हरकत आहे? कुणासाठी प्रार्थना मागायची तर त्याच्या परवानगीने, आणि तपशील न सांगता. देवाला तपशील ठाऊक असतात.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. माणसं थकतात ती कामाचे तास, अपुरा पगार, प्रवास आणि घरातली असमान वाटणी यांमुळे. धीर देऊन ही कारणं कशी जाणार? अगदी बरोबर, आणि मोशेचा सासरा इथ्रो याने हे फार पूर्वी ओळखलं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेला त्याने पाहिला आणि त्याला तोंडावर सांगितलं, की हे तू बरं करत नाहीस, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. मग त्याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर अधिकारी नेमायला लावले. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात हेळसांड होऊ लागली तेव्हा प्रेषितांनीही मंडळीला सात जण निवडायला सांगून ते काम त्यांच्याकडे दिलं. कामाची फेरवाटणी हेच तिथे उत्तेजन होतं. जो सासरा, दीर किंवा नवरा प्रार्थनेत सुनेसाठी अश्रू ढाळतो आणि रात्रीची भांडी तिच्यासाठीच ठेवतो, त्याने इथ्रोची ही गोष्ट सांगणारा निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचावा. आणि थकव्याच्या मुळाशी नैराश्य, रक्तक्षय किंवा थायरॉइड असेल तर डॉक्टरकडे घेऊन जाणारा मित्र विश्वासाशी प्रतारणा करत नाही. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस मदतवाहिनी मंडळीच्या सूचनाफलकावर लावली तर उपासनेचं पावित्र्य कमी होणार नाही.

इथ्रो इस्राएली नव्हता, मिद्यानी याजक होता, हे जाता जाता लक्षात घ्यावं. हे सगळं ख्रिस्तीच का असावं, असं विचारणाऱ्या वाचकाला मी त्याच्याकडे बोट दाखवेन. चांगला सल्ला परधर्मीयाकडून आला तर तो घ्यावा, हे बायबलच शिकवतं, आणि दिंडीत दमलेल्याची पिशवी न विचारता आपल्या खांद्यावर घेणाऱ्या वारकऱ्याला या विषयातलं माझ्याकडून शिकण्यासारखं काही नाही. ख्रिस्ती माणसापाशी एक वेगळी गोष्ट आहे ती ही, की त्याच्या देवाच्या कथेत देवच थकतो. येशू शोमरोनात भरदुपारी विहिरीवर बसतो आणि एका परक्या बाईकडे पाणी मागतो. थकणं ही लाज नाही, हे त्याला याहून स्पष्ट कोण सांगणार? एकांताचं मोल यातून कमी होत नाही. येशू पहाटे एकटाच प्रार्थनेला जात असे. पण चौथ्या शतकात कप्पदुकियातला बिशप बेसिल याने एकांतवासी संन्याशांना विचारलं होतं, की तुम्ही एकटेच राहिलात तर पाय कुणाचे धुणार? त्या प्रश्नाला मी दुसरी बाजू जोडतो: मग तुमचे कोण धुणार?

हा प्रश्न सगळ्यात आधी पाळकांच्या बाबतीत विचारायला हवा. सगळ्यांना धीर देणाऱ्या माणसाचा धीर सुटला तर त्याने कुठे जायचं, याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. त्याला वर्षातून सलग सुट्टी मिळते का, त्या काळात प्रवचन कोण करतं, त्याची बायको मंडळीची बिनपगारी सेविका होऊन बसली आहे का, हे पंच कमिटीच्या बैठकीत हिशेबाइतक्याच गांभीर्याने यायला हवं. पौलासारखा माणूसही अखेरच्या कैदेत तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मोठमोठ्या गोष्टींबरोबर अगदी साध्या गोष्टी मागतो. देमास सोडून गेला, फक्त लूक जवळ आहे, मार्काला घेऊन ये, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याच्या आधी येऊन पोहोच. तीमथ्य वेळेवर पोहोचला की नाही, हे बायबलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.